कुंपणापलीकडे टाकलेला कचरा

बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आपली केवढी गर्दी असते, हे नाशिककरांना सांगायला नको. पांढरी वस्त्रे, हातात मेणबत्त्या, कडेवर लेकरे. वंदना होते, खीरदान होते, भोजनदान होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेवर द्रोण, चहाचे कप, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि पायाखाली तुडवलेली पत्रके पडलेली असतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतरचा रस्ताही काही वेगळा नसतो. शहरातल्या कचऱ्याबद्दल बोलायचे तर महापालिकेला चार शब्द सुनावणे सोपे आहे, आणि ते आम्ही पुढे सुनावणारच आहोत. पण सुरुवात घरापासून करू.

त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने गोवर्धनजवळच्या या डोंगरात लेणे खोदवले, आणि लेण्याबरोबरच पाण्याच्या पोढीही करवल्या, असे त्यात नोंदलेले आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. डोंगरावर पडलेला पाऊस पोढीत साठायचा आणि भिक्खुसंघ तेच पाणी पुढे वर्षभर वापरायचा. वरचा कातळ घाण झाला तर ती घाण थेट पिण्याच्या पाण्यात उतरणार, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते. आपले पाणी आता नळाने येते आणि घाण गटाराने जाते. दोन्हींचा संबंध डोळ्यांआड गेला, एवढाच फरक. संबंध तुटलेला नाही.

आता नासर्डीचे बघा. ही नदी शहराच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतून निघते, सातपूरच्या बाजूने शहरात शिरते, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या पुलाखालून जाते आणि आगरटाकळीला गोदावरीला मिळते. तिचे नाव नंदिनी आहे, पण निम्म्या शहराला ती नाला म्हणूनच ठाऊक आहे. तिच्या काठावर वस्त्या आहेत आणि त्यांत आपलीही पुष्कळ घरे आहेत. पुलावर कोणी तरी दुचाकी थांबवतो, पिशवी कठड्यावरून खाली सोडतो आणि पुढे जातो. निर्माल्याची पिशवी असली तर वर नमस्कारही करतो. रात्री ट्रॅक्टर किंवा टेम्पो येतो आणि पाडलेल्या घराच्या विटा, फरशा, सिमेंटचे तुकडे काठावर ओतून जातो. मटणाच्या दुकानातला कचरा, सलूनचे केस, गॅरेजचे काळे तेल, दवाखान्यातल्या सुया असे सगळे तिथे येते. आणणारा त्या काठावर राहत नाही. राहणाऱ्यांच्या दाराशी तो ते ठेवून जातो.

नाशिक हे घंटागाडी लवकर सुरू करणाऱ्या शहरांपैकी एक आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे घंटा वाजवत गाडी दारात येऊ लागली आणि हळूहळू चौकातल्या कचराकुंड्या उचलल्या गेल्या. योजना चांगलीच होती. उघडी कुंडी म्हणजे माश्या, कुत्री आणि डुकरे यांचे अन्नछत्र. पण कुंडी गेली तरी कुंडीची जागा लोकांच्या डोक्यातून गेली नाही. ज्याची गाडी चुकली तो जुन्या कोपऱ्यावर पिशवी ठेवू लागला. एक पिशवी दिसली की दुसऱ्याला तिथेच टाकायचा परवाना मिळतो. अशा ठिकाणांना महापालिकेच्या भाषेत ब्लॅक स्पॉट म्हणतात. गाडी कोणाची चुकते, हेही पाहायला हवे. पहाटे पाचला मजूरअड्ड्यावर जाणाऱ्याची चुकते, कंपनीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याची चुकते आणि दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला गेलेल्या बाईची चुकते. शिवाय ज्या गल्लीत गाडी शिरतच नाही ती गल्ली बहुतेक वेळा आपलीच असते. म्हणून कोपऱ्यावर कचरा टाकणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो, असे आम्ही म्हणणार नाही. रात्री टेम्पो रिकामा करणारा मात्र बेफिकीर नसतो, तो हिशेबी असतो. राडारोडा नेमून दिलेल्या जागी न्यायला डिझेल लागते, पैसे भरावे लागतात. नदीकाठ फुकट आहे.

या राडारोड्याचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. काठावर भराव पडत गेला की नदीचे पात्र अरुंद होते. उन्हाळ्यात ते कळत नाही. पावसाळ्यात तेवढेच पाणी कमी जागेतून जायला लागते आणि ते बाजूला चढते. बाजूला म्हणजे सखल भागातल्या घरांत. २००८ आणि २०१६ च्या पुरांत गोदाकाठाने काय पाहिले ते आठवत असेल. पूर ओसरल्यावर घरात राहतो तो गाळ, आणि त्या गाळात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. कचऱ्याच्या ढिगावर उंदीर पोसले जातात, त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायराचे जंतू पाण्यात येतात आणि अनवाणी पायाच्या भेगेतून, जखमेतून माणसात शिरतात. साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालल्यानंतर असा ताप आला तर डॉक्टरांना “मी घाण पाण्यातून चाललो होतो” हे आवर्जून सांगावे. सुरुवातीला औषध मिळाले तर आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

डेंग्यूचे गणित आणखी सरळ आहे. त्याचा डास, एडिस, गटाराच्या काळ्या पाण्यात फारसा जात नाही. त्याला साचलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते, आणि तेही फार नको. फेकलेली नारळाची करवंटी, चहाचा कप, जुना टायर, आइस्क्रीमचा डबा, एवढे त्याला पुरते. पाऊस पडून गेल्यावर साधारण ८ ते १० दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार होतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणजे मार्चमध्ये गच्चीवर टाकलेला टायर जूनमध्ये आपल्याला डेंग्यू देऊ शकतो. महापालिका धुरळणी करते तेव्हा उडणारे डास मरतात, पण कपातल्या अळ्या तशाच राहतात. त्यामुळे धुराची गाडी आली नाही म्हणून नगरसेवकाला फोन करण्याआधी घराभोवती एक फेरी मारावी आणि पाणी धरणारी प्रत्येक वस्तू पालथी घालावी. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी. तापात पॅरासिटामोल चालते, पण ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

घरमाशीही ओल्या कचऱ्यातच वाढते. गरम हवेत अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. ओला कचरा दोन-तीन दिवसांत उचलला गेला तर माशी होण्याआधीच तिची साखळी तुटते. आठवडाभर पडून राहिला तर ती आपल्या ताटावर येते आणि पायांना लागलेले जुलाबाचे जंतू ठेवून जाते. लहान मुलांच्या वारंवार होणाऱ्या जुलाबांवर औषधे देत बसतो, पण दारासमोरचा ढीग तसाच असतो, असे चित्र आम्ही आरोग्य शिबिरांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

मग कचरा पेटवून द्यावा का? नाशिकची थंडी आपल्याला माहीत आहे. डिसेंबरात कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात, आणि लाकूड महाग असल्याने त्यांत प्लॅस्टिक, रबर, फोम, वायरचे तुकडे सगळे जाते. लेकरे, म्हातारी माणसे भोवती बसून हात शेकतात. प्लॅस्टिक अर्धवट जळते तेव्हा बारीक काजळी आणि विषारी वायू निघतात. पीव्हीसी जळले तर त्यातून आम्लाचा वायू आणि डायॉक्सिन नावाची रसायने बाहेर पडतात. ही रसायने शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षे साठतात आणि कर्करोगाला कारण होतात. बारीक कण फुफ्फुसाच्या पार टोकापर्यंत जातात. दम्याच्या माणसाला त्याच रात्री त्रास होतो, बाकीच्यांचा हिशेब लांबतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये दंड ठरवला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या देवनार कचराभूमीला आग लागली होती आणि भोवतालच्या लोकांनी कित्येक दिवस तो धूर श्वासात घेतला होता. देवनार-गोवंडीत कोण राहते, ते वेगळे सांगायला नको.

आपण टाकलेला कचरा आपल्यापाशी थांबत नाही. पावसाचे पाणी ढिगातून झिरपते तेव्हा काळसर रस तयार होतो. त्यात सडलेल्या अन्नाचे घटक असतात, बॅटरी आणि रंगांतून सुटलेले शिसे-कॅडमियमसारखे धातू असतात, जंतू असतात. तो रस जमिनीत मुरतो, जवळच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरतो. नदीत गेला तर पुढच्या गावाला जातो. गोदावरीत सांडपाण्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट जातात आणि त्यांवर पाणवेली माजतात. चांदोरी-सायखेड्याच्या लोकांना विचारा, पुलाला पाणवेलींचा गठ्ठा कसा अडकतो ते. त्यापुढे नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. त्याच्याही पुढे जायकवाडी, म्हणजे मराठवाड्याच्या पिण्याचे पाणी. नासर्डीच्या पुलावरून सोडलेल्या पिशवीचा प्रवास एवढा लांब आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचे दरवाजे बंद दिसले तेव्हा सत्याग्रहींची मिरवणूक वळली ती गोदाघाटाकडे. त्या नदीवरचा आपला हक्क कोणी दान दिलेला नाही, म्हणून तिची काळजीही दुसऱ्यांवर सोडून चालणार नाही.

विनयपिटकातली एक गोष्ट आम्हाला या विषयाच्या गाभ्याशी नेणारी वाटते. श्रावस्तीत एका भिक्खुणीने मैल्याचे भांडे भिंतीपलीकडे रिते केले आणि ते रस्त्याने चाललेल्या माणसाच्या डोक्यावर पडले. त्यावरून तथागतांनी भिक्खुणींसाठी नियम घालून दिला. मैला, मूत्र, केरकचरा, उष्टे यांपैकी काहीही भिंतीपलीकडे किंवा कुंपणापलीकडे टाकायचे नाही. पुढचा नियम शेताबाबत आहे. वसतिस्थानाशेजारच्या शेतात घाण टाकली गेली, म्हणून पिकावर टाकण्यासही मनाई झाली. भिक्खूंच्या सेखिय नियमांतही हिरवळीवर आणि पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये असे आहे. आजाऱ्याला त्यातून सूट आहे. यातला एक बारकावा सहज निसटतो. भिंतीपलीकडे टाकू नये, एवढेच तो नियम म्हणत नाही. दुसऱ्याकडून टाकवूनही घेऊ नये, असे म्हणतो. घर पाडून झाले, ठेकेदाराला पैसे दिले, त्याने राडारोडा कुठे नेला ते आम्ही विचारले नाही, या सबबीला तिथे जागा नाही.

कचऱ्याचा प्रश्न आपल्या समाजासाठी आणखी एका कारणाने वेगळा आहे. इतरांनी टाकलेले उचलायचे काम जातीने कोणाच्या माथी मारले, हे आपण जाणतो. राजगृहाचा सुनीत रस्ते झाडत होता. तथागतांनी त्याला संघात घेतले आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती कथा आवर्जून सांगितली. झाडूकाम हे पुण्याचे काम, असे म्हणून त्याचे गोडवे गाणे बाबासाहेबांनी कधी मान्य केले नाही. पण आजही घंटागाडीमागे धावणारे, गटारात उतरणारे आणि ढिगावर भंगार वेचणारे हात बहुतांशी दलित, आदिवासी आणि भटक्या समाजांचेच आहेत, त्यातही वेचणाऱ्या बहुतेक बाया. २०२७ च्या सिंहस्थाला लाखो लोक येतील आणि घाटांचे फोटो छापून येतील. त्यांच्यामागे रात्री झाडू मारणाऱ्यांना हातमोजे मिळतात का, पगार वेळेवर होतो का, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आतापासून विचारले पाहिजे.

आपणही त्या हातांना जखमा करतो. डायपर आणि सॅनिटरी पॅड उघडेच ओल्या कचऱ्यात टाकतो. फुटलेली काच पिशवीत घालून गाठ मारतो. मधुमेहाचे इन्सुलिन घरी टोचून घेणारे आता आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांच्या सुयाही भाजीच्या देठांबरोबर जातात. पिशवी हाताने उघडणाऱ्या बाईला ती सुई टोचते. सुईला लागलेल्या रक्तातला हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवाव्यात, झाकण चिकटपट्टीने बंद करावे, वर ‘सुई’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि ती बाटली गाडीवाल्याला सांगून वेगळी द्यावी. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी. काच जाड कागदात बांधावी. याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी हे बंधनकारकच केले होते. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायचा, रस्त्यावर, नाल्यात, पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही. बांधकामाच्या राडारोड्यासाठी आणि दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम आहेत. दवाखान्याने आपली सुई सामान्य घंटागाडीत देणे हाच गुन्हा आहे. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि भाजीबाजारात ती कोणाला दिसत नाही. वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो, ही तक्रार खरी असेल तिथे गाडीचा नंबर आणि वेळ टिपून द्यावी. आपण वेगळा करणे सोडू नये. ओला कचरा वेगळा राहिला तरच पाथर्डीच्या प्रकल्पात त्याचे खत होते. प्लॅस्टिकमध्ये कालवलेल्या ओल्या कचऱ्याचा नुसता डोंगर होतो.

महापालिकेकडे पैसे नाहीत, माणसे नाहीत, हे उत्तर तुम्हाला मिळेल. ते कायद्याने चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये एका वॉर्डातले रहिवासी उघडी गटारे आणि दुर्गंधी यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. नगरपालिका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की निधी नाही म्हणून नगरपालिकेला लोकांच्या आरोग्याचे कर्तव्य टाळता येणार नाही. ज्या कलमाखाली ते रहिवासी गेले, ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. उपद्रव हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. वकील मोठा लागत नाही. फोटो, तारखा आणि लोकांच्या सह्या लागतात.

त्याआधीची पायरी विभागीय कार्यालयाची. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको आणि नाशिकरोड, असे आपल्या महापालिकेचे सहा विभाग आहेत. प्रत्येक ठिकाणी स्वच्छता निरीक्षक असतात. तोंडी सांगून परत येऊ नये. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एकीवर शिक्का घ्यावा. अर्जात “कचरा फार आहे” असे मोघम न लिहिता जागा, वार, वेळ आणि टाकणाऱ्या वाहनाचा नंबर लिहावा. मागणीही नेमकी असावी. गल्लीत गाडी शिरत नसेल तर हातगाडी द्या, सकाळी लोक घरी नसतील तर संध्याकाळी एक फेरी द्या. रात्रीच्या टेम्पोला मात्र एकट्याने अडवायला जाऊ नये. ती माणसे कशी असतात ते सांगता येत नाही. लांबून फोटो काढावा.

विहारांसाठी आमचा एक आग्रह आहे. वर्षावासात ग्रंथवाचन होते, समारोपाला भोजनदान होते. यंदा विहाराने २०० स्टीलची ताटे विकत घ्यावीत. थर्माकोलच्या पत्रावळींवर दरवर्षी होणारा खर्च जमेस धरला तर ती काही वर्षांत फुकट पडतात. ताटे धुण्याची पाळी पुरुषांनीही घ्यावी, नाहीतर एकीचा कचरा कमी करून दुसरीचे काम वाढवल्यासारखे होईल. १४ एप्रिलला मिरवणुकीच्या शेवटी आपलाच एक जथा पोती घेऊन चालला पाहिजे. सफाई कामगारांना त्या रात्री तरी आपल्या जयंतीत नाचू द्यावे.

शेवटी, घरात कोणी सफाईचे किंवा भंगाराचे काम करत असेल तर एवढे करा. सुई टोचली तर जागा पिळू नये, चोखू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती तिथे मोफत मिळतात. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्यावे. हिपॅटायटिस-बीची लस मात्र टोचण्याची वाट न पाहता आधीच घ्यावी. तिचे तीन डोस असतात. पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. अनेक जण दुसऱ्यानंतर विसरतात, म्हणून तिन्ही तारखा घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवाव्यात.